मोठी कंपनी आणि तिची पत

ठाणे जिल्ह्यातील मुरबाड, शहापूर व कल्याण तालुक्यांत भातशेतीस जोडधंदा म्हणून मांसल कोंबड्यांचे पालन केले जाते. ठाणे, कल्याण व डोंबिवली ही शहरे या मालाची जवळची बाजारपेठ होत. करारपद्धतीत कंपनी पिल्ले, खाद्य व औषधे पुरविते. शेतकरी शेड, वीज, पाणी व श्रम पुरवितो आणि सुमारे सहा आठवड्यांनी वजनाप्रमाणे संगोपनाचा मोबदला घेतो. शेडचे कर्ज मात्र शेतकऱ्याच्याच नावे राहते. मोबदला हाती पडेपर्यंत शेतकरी हा वस्तुतः कंपनीचा धनको असतो; आणि धनकोने ऋणकोची पत पाहिलीच पाहिजे.

नावाच्या मोठेपणावरून पत ठरत नाही. डॉ. बी. व्ही. राव यांनी 1971 साली स्थापिलेल्या व्यंकटेश्वरा हॅचरीज समूहातील ‘वेंकीज’ ही पुण्याची कंपनी सर्वपरिचित आहे. तिलाही 2019-20 साली तोटा सोसावा लागला. त्या वर्षी मका महागला होता, आणि 2020 च्या आरंभी कोंबडीच्या मांसातून कोरोना पसरतो या खोट्या अफवेने भाव कोसळले. पुढील वर्षी कंपनी पुन्हा नफ्यात आली. तेव्हा तोट्याचे एक वर्ष हा रोग नव्हे; ते वर्ष पेलण्याचे बळ कंपनीत आहे काय, हे पाहावयाचे असते.

शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्या आपले वार्षिक अहवाल प्रसिद्ध करितात. इतर कंपन्यांचे ताळेबंद कंपनी निबंधकाकडे शुल्क भरून पाहता येतात. स्वतःच्या भांडवलाच्या मानाने कर्ज किती आहे, वाईट वर्षीही धंद्यातून रोकड आली काय, लेखापरीक्षकाने कोणता शेरा दिला आहे, हे त्यांत तपासावे. विक्री न वाढता देणी फुगत असतील तर विशेष सावध व्हावे. त्या देण्यांतच शेतकऱ्याचा मोबदला अडकलेला असू शकतो.

फेब्रुवारी 2022 मध्ये शहापूर तालुक्यातील वेहळोली येथे बर्ड फ्लू आढळला व परिसरातील सुमारे 25,000 पक्षी नष्ट करावे लागले. अशा वेळी शेड रिकामी राहते. बँकेचा हप्ता थांबत नाही. म्हणून मोबदला किती दिवसांत मिळेल आणि रोगराईत नुकसान कोणी सोसावयाचे, हे करारात स्पष्ट लिहून घ्यावे. विस्तार कार्यकर्त्यांनी शेडच्या आराखड्याबरोबरच कंपनीचा ताळेबंदही शेतकऱ्यास समजावून द्यावा, आणि शेजारच्या गावांत तिने पैसे केव्हा चुकते केले याची चौकशी करावी. सही त्यानंतर व्हावी.