ठिपके जोडा, मग बोला



१२ जुलै २००० रोजी मुंबईत घाटकोपरच्या आझाद नगरात टेकडी खचली. २६ जुलै २००५ ला अंधेरीजवळ साकीनाक्याला तेच. या दोन्ही ठिकाणी साठाहून अधिक माणसे गेली. १८ जुलै २०२१ ला चेंबूर आणि विक्रोळी. बातम्यांत हे चार वेगवेगळे अपघात. समपातळी रेषांच्या नकाशावर चार ठिपके द्या. चारही ठिकाणे टेकडीच्या उतारावर किंवा पायथ्याशी. मग हा निसर्गाचा कोप कसा? धोका कागदावर आधीच दिसत होता. गरिबाला दुसरी जागा परवडत नव्हती, एवढेच.

त्याच २६ जुलैला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस, कुलाब्याला ७३. अंतर सुमारे २५ किलोमीटर. शहर एक, पाऊस दोन.

याचा आपल्या कोरडवाहू शिवाराशी संबंध काय? अख्ख्या महसूल मंडळाची अतिवृष्टी मंडळाच्या पर्जन्यमापकावर ठरते. तुमच्या शिवारात ढग फुटला, कपाशी पिवळी पडली, ज्वारी आडवी झाली. मापकाजवळ मात्र भुरभूर. आकडा नाही, म्हणून नुकसान नाही!

म्हणून पुढल्या बैठकीला गावनकाशाची प्रत आणा. भूमी अभिलेख कार्यालयात मिळते. नाला कुठे फुटतो, पाणी कुठे साचते, कोणत्या गटातले पीक आधी वाळते, त्याची वर्षासकट खूण करा. दरवर्षीच्या खुणा एकाच जागी पडू लागल्या, की साहेबापुढे रडगाणे नव्हे, पुरावा मांडता येईल. सातबारा जपता, तसा हा नकाशा जपा.