नकारावर सही कुणाची?

आर.टी.ई.चे अर्ज सुटले की करावे गावातल्या झेरॉक्सच्या दुकानासमोर आयांची रांग लागते. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत आधार, रेशनकार्ड, जन्मदाखला, जातीचा दाखला. काखेत पोर. दुकानवाला कॉम्प्युटरवर बसलेला. त्याला शाळेशी काही देणंघेणं नाही, कायद्याशी नाही, पोराशी तर नाहीच नाही. पण आज त्या पोराचं नशीब त्याच्या बोटाखाली आहे. बोट चुकलं की वर्ष गेलं.

दोस्तांनो, आमच्या चाळीतल्या एका मावशीचं असंच झालं. ती पामबीच रोडच्या टॉवरात धुणीभांडी करते. तीन घरं आटपून दुपारी धावत आली. दुकानवाल्याने फॉर्म भरला, पैसे घेतले, नकाशावर घराची खूण केली. खूण पडली भलतीकडेच, रेल्वे रुळापलीकडे. मावशीला नकाशा वाचता येत नाही. दुकानवाल्याला घाई. पुढे सोडतीत पोराचा नंबर लागला! चाळीत पेढे वाटले. मग कागद तपासायच्या दिवशी टेबलामागून सांगितलं, घर आणि खूण जुळत नाही, प्रवेश रद्द. मावशी म्हणाली, साहेब, घर दाखवते, चला ना. साहेब म्हणाले, आमच्या हातात काही नाही, सिस्टीम घेत नाही.

सिस्टीम घेत नाही! हे वाक्य ध्यानात ठेवा. यापुढे आपली पोरं याच वाक्याने मारली जाणार आहेत.

आता जरा मागे जाऊ. १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार पोरासाठी प्रवेश मागितला गेला. शाळेने घेतलं नाही. अर्ज थेट मुंबई सरकारकडे गेला. तेव्हाच्या गोऱ्या सरकारने काय केलं? पोराची बाजू न्यायाची आहे हे कागदावर मान्य केलं, आणि एकट्याला आत घेतलं तर बाकीचे शाळा सोडून जातील असं सांगून दार लावून घेतलं. १९२८ साली बाबासाहेबांनी सायमन कमिशनपुढे अस्पृश्यांच्या शिक्षणाचं निवेदन ठेवलं, त्यात हे प्रकरण काढून तोंडावर मारलं. का मारता आलं? कारण नकार कागदावर होता. कुणीतरी तो लिहिला होता. त्याला तारीख होती. बहात्तर वर्षांनी त्या कागदाची गचांडी धरता आली.

आमच्या मावशीच्या हातात काय आहे? मोबाईलवरचा एक मेसेज आणि अर्जाचा क्रमांक. कुणाची गचांडी धरायची?

काही शहाणे लगेच म्हणतील, तुम्हाला कॉम्प्युटरच नकोय, तुम्ही जुन्या जमान्यातले. थांबा. जुना जमाना आम्ही तुमच्यापेक्षा जास्त ओळखतो. हेडमास्तरच्या केबिनबाहेर आमचा बाप टोपी हातात धरून उभा राहिलेला आहे. आडनाव विचारायचं, मग गाव विचारायचं, मग कुठे राहता विचारायचं आणि मग म्हणायचं जागा भरल्या. फॉर्म संपले. पुढच्या वर्षी या. डोनेशन किती देता? ती केबिन आम्हाला परत नको. सोडत सगळ्यांसमोर निघते, कुणाचा मामा संस्थेत आहे हे मशीनला कळत नाही, ही गोष्ट चांगलीच आहे. अकरावीचं पण तसंच. २००९ साली मुंबई विभागात अकरावीचे प्रवेश ऑनलाइन झाले. त्याआधी पोरं कॉलेजोकॉलेज फिरून फॉर्म विकत घ्यायची. ती पायपीट गेली हे बरं झालं. यादी लागली, मार्क दिसले, आमच्या पोराला किती टक्क्यांवर कुठलं कॉलेज मिळालं ते सगळ्यांना दिसलं.

म्हणून भांडण यंत्राशी नाही. यंत्र कुणाचा हुकूम पाळतं, त्याच्याशी आहे.

ही गोष्ट २०२४ साली उघडी पडली. कायदा २००९चा, अंमल १ एप्रिल २०१०पासून. त्यातलं कलम १२ सांगतं की खाजगी विनाअनुदानित शाळेने पहिल्याच वर्गात किमान २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांच्या पोरांना फुकट द्यायच्या. संस्थाचालक सुप्रीम कोर्टात गेले, १२ एप्रिल २०१२ला हरले. कायदा टिकला. मग सरकारने काय युक्ती काढली? ९ फेब्रुवारी २०२४ला महाराष्ट्र सरकारने नियम बदलला. ज्या खाजगी शाळेच्या एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा आहे, तिच्यावर २५ टक्क्यांचं बंधन नाही. शहरात एक किलोमीटरच्या आत पालिकेची शाळा नाही असं ठिकाण किती सापडणार? त्या वर्षी आईबापांनी अर्ज उघडला तर इंग्रजी शाळा यादीतून गायब! मोर्चा नाही, लाठी नाही, आरडाओरडा नाही. यादीच छोटी झाली. पडद्यावर जे दिसत नाही ते मागणार कसं? आमच्या कित्येक बायाबापड्यांना वाटलं आपलंच काहीतरी चुकलं, पुन्हा पुन्हा बटण दाबत बसल्या.

पालक आणि कार्यकर्ते हायकोर्टात गेले. ६ मे २०२४ला मुंबई हायकोर्टाने नियमाला स्थगिती दिली. अर्ज नव्याने भरायला लावले. म्हणजे पुन्हा रांग, पुन्हा दुकानवाला, पुन्हा पैसे, पुन्हा बुडलेला खाडा. १९ जुलै २०२४ला हायकोर्टाने तो नियम घटनाबाह्य ठरवून रद्द केला. पण तोवर शाळा सुरू होऊन महिना गेला होता. बड्यांची पोरं मुळाक्षरं शिकून मोकळी झाली, आमची घरात बसून कोर्टाची तारीख बघत होती.

तेव्हा शहाण्यांनो, यंत्र तटस्थ असतं हे आम्हाला शिकवू नका. दार कुठे ठेवायचं ते मंत्रालयात ठरतं. यंत्र फक्त कडी लावतं.

आता कराव्याची गोष्ट बघा. सिडको १९७० साली जन्मली. पंच्याण्णव गावांच्या जमिनी गेल्या, त्यात करावेही. आगरी-कोळ्यांची मिठागरं, भातशेती, खाडी गेली आणि त्यांच्या छातीवर टॉवर उभे राहिले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ला दि. बा. पाटलांच्या लढ्यात उरण तालुक्यात पोलिसांच्या गोळ्यांनी पाच जण मेले, तेव्हा कुठे साडेबारा टक्क्यांची जमीन सरकारच्या तोंडातून निघाली. कुटुंबं वाढली, गावठाण वाढवून मिळेना, म्हणून लोकांनी आपल्याच जागेवर घरं बांधली. सरकारी भाषेत त्यांना गरजेपोटीची घरं म्हणतात. ती नियमित करण्याचं घोंगडं वर्षानुवर्षं भिजत ठेवलं. त्याच घरांच्या खोल्यांत आम्ही भाड्याने राहतो. मराठवाड्यातून आलेले, विदर्भातून आलेले, बौद्ध, मातंग, वडार, कैकाडी. बिगारी, घरकामवाल्या, सफाईवाले.

आता फॉर्म काय म्हणतो? राहण्याचा पुरावा द्या. रेशनकार्ड गावाकडचं असेल तर चालत नाही. मग नोंदणीकृत भाडेकरार आणा, तोही अर्जाच्या तारखेआधीचा. घरमालक दादा माणूस वाईट नाही, अडीअडचणीला भाडं थांबवतो. पण नोंदणीचं नाव काढलं की गप्प होतो. त्याच्या स्वतःच्या घराचाच कागद सरकार मानत नाही, तो आमच्या करारावर अंगठा उठवून संकट कशाला घेईल? म्हणजे मालक कागदावर नाही, म्हणून भाडेकरूही कागदावर नाही, म्हणून पोर शाळेत नाही. एकाच सरकारने दोघांना बेकायदा केलं आणि दोघांना एकमेकांकडे संशयाने बघायला लावलं. हे लक्षात घ्या. कराव्यातला आगरी आपला शत्रू नाही.

जातीच्या दाखल्याचं आणखी वेगळं. अनुसूचित जातीला उत्पन्नाची अट नाही, हे खरं. पण बापाचा दाखला पाहिजे. दाखला मिळणार कुठे? १० ऑगस्ट १९५० रोजी आपलं घराणं जिथे राहत होतं तिथल्या तहसिलात. त्या दिवशी आपला आजा कुठे होता? गावकुसाबाहेर होता! ज्या गावाने उभं राहू दिलं नाही, ज्या गावातून बाप रात्रीतून निघाला, त्याच गावच्या तलाठ्याकडे आता पोराच्या शाळेसाठी हात जोडायला जायचं. दोन दिवस जाणं, दोन दिवस येणं, मधे खाडे. तोवर अर्जाची मुदत संपते. मुदत मात्र पक्की. आमचा आजा गावाबाहेर होता हे सिद्ध करायला गावातच जावं लागतं, याला काय म्हणायचं?

भावांनो, इथे मुद्द्यावर या. त्याच २००९च्या कायद्याचं कलम ९ वाचा. आपल्या हद्दीत राहणाऱ्या चौदा वर्षांपर्यंतच्या प्रत्येक पोराची नोंद ठेवणं हे स्थानिक प्राधिकरणाचं, म्हणजे इथे महापालिकेचं कर्तव्य आहे. पोर शाळेत दाखल होतंय, येतंय, शिकतंय हे बघणंही तिचंच काम. कलम १४ सांगतं, वयाचा दाखला नाही म्हणून कुठल्याही पोराला प्रवेश नाकारायचा नाही. असा आहे कायदा. पालिकेने चाळीत यायचं, दार वाजवायचं, विचारायचं, बाई, पोर कितीचं झालं? १९१७ साली शाहू महाराजांनी कोल्हापुरात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, तेव्हा पोराला शाळेत आणायला राज्य घराघरांत शिरलं होतं. न पाठवणाऱ्या बापाला दंड होता. शंभर वर्षांनी उलटं झालं. पोराला शोधायचं काम राज्याचं होतं, ते आता राज्य आणि शाळा शोधायचं काम आईचं झालं. तिने नकाशावर खूण करायची, तिने ओटीपी सांभाळायचा, तिने तारीख लक्षात ठेवायची. आणि चुकली तर तीच गुन्हेगार. हक्काचा अर्ज झाला आणि अर्जाची लॉटरी झाली.

मदत केंद्रं आहेत, असं सरकार म्हणतं. आहेत. त्यांची यादी कुठे लागते? त्याच संकेतस्थळावर! ज्याला संकेतस्थळ उघडता येतं त्याला मदत केंद्र कशाला पाहिजे?

आणि हे फक्त पहिलीच्या पोरांचं नाही. २०२५ साली अकरावीची ऑनलाइन पद्धत अख्ख्या राज्याला लावली. मे महिन्यात नोंदणीच्या पहिल्याच दिवशी संकेतस्थळ झोपलं. पैसेवाल्याने क्लासवाल्याला फोन केला. आमचं पोर मोबाईलचा नेटपॅक संपेपर्यंत गोल फिरणारं चक्र बघत बसलं.

मग करायचं काय? नुसत्या शिव्या देऊन भागणार नाही.

एक. नकार लेखी पाहिजे. ज्या पोराचा प्रवेश रद्द होतो त्याच्या आईच्या हातात मराठीत कागद पाहिजे. कारण, तारीख, अधिकाऱ्याचं नाव आणि सही. सिस्टीमला सही करता येत नसेल तर सिस्टीम चालवणाऱ्याने करावी.

दोन. दुरुस्तीची मुभा पाहिजे. नकाशावरची खूण चुकली तर घर बघून दुरुस्त करा. खोटा पत्ता देऊन गरिबाची जागा लाटणारा वेगळा आणि दुकानवाल्याच्या घाईत फसलेली मावशी वेगळी. दोघांना एकाच फटक्याने कापू नका.

तीन. पालिकेच्या प्रत्येक शाळेत खिडकी पाहिजे, आणि ती संध्याकाळी उघडी पाहिजे. कागदावर अर्ज घ्या, पोच द्या, कॉम्प्युटरवर तुम्ही चढवा. पगार तुम्हाला आहे.

चार. भाड्याने राहणाऱ्याचा पुरावा म्हणून अंगणवाडीची नोंद, लसीकरणाचं कार्ड, शेजाऱ्यांचा पंचनामा धरा. पोराला पोलिओचा डोस पाजायला तुमची बाई आमच्या खोलीत बरोबर पोचते. तेव्हा घर सापडतं, शाळेच्या वेळी कसं हरवतं?

आणि पाचवी मागणी सगळ्यात मोठी. पंचवीस टक्क्यांच्या लॉटरीत आमचा जीव अडकवून पालिकेच्या शाळा मरू देऊ नका. नंबर लागलेल्या एका पोरामागे न लागलेली किती तरी असतात. ती कुठे जातात? पालिकेच्या शाळेतच. तिथे मास्तर पुरे द्या, प्रयोगशाळा द्या. मग कुणाला दुकानासमोर रांग लावायची गरज नाही.

हे सरकारला सांगायचं. स्वतःला काय सांगायचं? तुझ्या हातात दहा-पंधरा हजारांचा मोबाईल आहे. दिवसभर रील बघतोस, जयंतीला स्टेटस ठेवतोस. अर्ज सुटतील तेव्हा आठ दिवस संध्याकाळी बुद्धविहारात टेबल टाक. बाजूच्या आगरी पोरालाही बोलाव, खूण कुठे पडते ते त्याला जास्त कळतं. फॉर्म फुकट भर. प्रत्येक अर्जाची प्रिंट काढ, वहीत नोंद कर: कुणाचं पोर, कुठली शाळा, नंबर लागला का, नाही लागला तर कोण काय बोललं. नाव, हुद्दा, तारीख, वार लिही. कागद तपासायच्या दिवशी मावशीबरोबर जा आणि टेबलासमोर उभा राहून विचार, साहेब, हा नकार लिहून देता का?

१८५६च्या त्या पोराचा अर्ज अजून निकाली निघालेला नाही. आपली वही उघडून ठेवा.

जय भीम!