उचलून आणलं, आता उभं करू

इंदूर-उज्जैन रस्त्यावर सांवेरपाशी गाडीखाली सापडलेलं कुत्रं कुणीतरी उचलून कडेला घेतं. फोटो निघतो, चार घरी फोन जातात, डॉक्टर येतात. पहिल्या दिवशी माणसांची वाण नसते. चौथ्या दिवशी ती पांगतात, आणि कुत्र्याचं जगणं-मरणं तिथून पुढे ठरतं.

कण्याला मार बसून मागचे पाय गेले, की बऱ्याचदा लघवीही आपली आपण होत नाही. दिवसातून तीन-चार वेळा पोट हलक्या हाताने दाबून मूत्राशय रिकामं करावं लागतं. ते डॉक्टरांकडून शिकून घ्यावं. कूस बदलली नाही तर हाडाच्या उंचवट्यावर जखम होते, ती चिघळते, अळ्या पडतात. अपघात नसला, नुसता आजार असला, तरी नेम हवाच. गोचीड तापाच्या गोळ्या साधारण चार आठवडे द्याव्या लागतात. खायला लागलं म्हणून मध्येच थांबवल्या तर आजार उलटतो. जननेंद्रियावरच्या संसर्गजन्य गाठींना आठवड्याला एक अशी बहुधा चार ते सहा इंजेक्शनं लागतात आणि बहुतेक कुत्री खडखडीत बरी होतात. उपचार आहेत. नेमाने येणारी माणसं हवीत.

एका घराला हे झेपणार नाही, म्हणून वाटून घेऊ या. एकाने सकाळची गोळी, दुसऱ्याने अंथरूण, तिसऱ्याने पडवीचा कोपरा द्यावा. ज्याच्याकडे गाडी आहे त्याने मोठ्या उपचारासाठी इंदूर ओलांडून महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयापर्यंत न्यावं. जनावरांच्या फिरत्या दवाखान्याचा 1962 हा क्रमांक प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये असू द्या. आपली पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन कुत्र्याला देऊ नका, त्याने जीव जाऊ शकतो. दुखऱ्या कुत्र्याला डॉक्टरांच्या सल्ल्यानेच हात लावा. चावलंच, तर जखम 15 मिनिटं साबण-पाण्याने धुवा आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करा.

शेवटची पोळी कुत्र्याला घालण्याची रीत माळव्यातल्या कितीतरी घरांत आहे. ज्याला दारापर्यंत चालत येता येत नाही, त्याचाही त्या पोळीवर हक्क आहे.

2028 च्या सिंहस्थासाठी इंदूर-उज्जैन रस्ता सहापदरी होतो आहे. वाहनं वाढणार, वेग वाढणार. तोवर थांबू नका. आज संध्याकाळीच आळीतली तीन घरं एकत्र बसा, कागदावर वार आणि नावं लिहा, आणि आपल्या वाराला हजर राहा.