नवे वाण, हमीचा भाव आणि शेतकऱ्याचा हुरूप

हुरूप ही वस्तू खतासारखी पोत्यात भरून वाटता येत नाही. ती शेतकऱ्याच्या मनात येते कोठून आणि तेथून जाते कोणत्या वाटेने, याचा विचार मात्र ग्रामपातळीवर काम करणाऱ्या प्रत्येकाने करावयास हवा. 'शेतीत आता काही उरले नाही' हे उद्गार आज खेडोपाडी सहज कानी पडतात. त्यावर आपण बहुधा एखादा नवा वाण, एखादे नवे यंत्र किंवा एखादी नवी योजना पुढे करतो. आमच्या मते हे उत्तर अर्धे आहे. ते अर्धे का, हे आपल्याच राज्यातील खरीप ज्वारीच्या साठ वर्षांच्या वाटचालीवरून चांगले कळून येते.

१९६५-६६ साली पावसाने दगा दिला आणि देशाचे अन्नधान्याचे उत्पादन आदल्या वर्षीच्या सुमारे ८ कोटी ९० लाख टनांवरून ७ कोटी २० लाख टनांवर घसरले. १९६६ साली सुमारे एक कोटी टन धान्य परदेशातून आणावे लागले. हा देश आता सावरत नाही, असे भाकीत करणारी पुस्तकेही परदेशात निघाली. परंतु त्या निराशेच्या काळातच दोन कामे शेजारी शेजारी चालू होती, आणि त्यांपैकी एकाचीच आठवण आज आपण ठेवली आहे.

पहिले काम वाणाचे. सी.एस.एच.-१ हा देशातील पहिला संकरित ज्वारीचा वाण १९६४ साली प्रसृत झाला. गावठी ज्वारी पुरुषभर उंचीची व चार-साडेचार महिने रानात उभी राहणारी. हा वाण बुटका आणि सुमारे शंभर दिवसांत काढणीस येणारा. पाऊस लवकर उघडला तरी दाणा भरे, आणि खताची मात्रा दिली तर ताट न लोळता कणीस मोठे होई. तथापि त्याचे बियाणे घरच्या कणसातून राखता येत नसे. दरवर्षी ते विकत घ्यावयाचे, खत उधारीने आणावयाचे आणि आजवर न पाहिलेल्या पिकावर घरचे वर्षाचे धान्य अवलंबून ठेवावयाचे, असा हा व्यवहार होता. सावध शेतकऱ्याने मागे पाय घेतला असता तर त्याला अडाणी म्हणण्याचे काहीच कारण नव्हते.

त्याने पाय पुढे टाकला याचे श्रेय दुसऱ्या कामाला आहे. श्री. चि. सुब्रमण्यम हे केंद्रीय अन्न व कृषी मंत्री असताना, जानेवारी १९६५ मध्ये, कृषी मूल्य आयोग नेमला गेला. प्रा. मो. ल. दांतवाला हे त्याचे पहिले अध्यक्ष. त्याच महिन्यात भारतीय अन्न महामंडळ स्थापन झाले. शेतमालाचा भाव शहरातील ग्राहकाला स्वस्त पडावा एवढेच न पाहता तो पिकविणाऱ्यालाही परवडावा, हे तत्त्व सरकारी धोरणात प्रथमच इतक्या स्पष्टपणे आले. राष्ट्रीय बीज निगम १९६३ मध्ये निघाले होते. १९६६ मध्ये बियाणे अधिनियम आला. १९६९ मध्ये चौदा मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि पुढे महाराष्ट्रात १९७६ साली बियाणे महामंडळ उभे राहिले. नर व मादी ओळींचे बीजोत्पादनाचे प्लॉट आमच्या शेतकऱ्यांनी स्वतःच्या रानात घेतले आणि कित्येकांनी त्यावर चार पैसे जोडले. गव्हाचीही गोष्ट हीच. १९६६ साली मेक्सिकोहून १८ हजार टन बियाणे आणले गेले, हे सर्वांना ठाऊक असते. त्या गव्हाला पंजाबच्या बाजारात खात्रीचा गिऱ्हाईक उभा होता, हे कोणी सांगत नाही. १९६७-६८ मध्ये देशाचे उत्पादन साडेनऊ कोटी टनांवर गेले. त्यात चांगल्या पावसाचा वाटा होताच. पण पुढे ते पुन्हा पूर्वीच्या तळाला गेले नाही.

आता कथेचा उत्तरार्ध. पुढे सी.एस.एच.-५, सी.एस.एच.-९ यांसारखे अधिक सरस वाण आले आणि खरीप ज्वारी बव्हंशी संकरित झाली. तरीही गेल्या तीन दशकांत विदर्भ व मराठवाड्यातील हे क्षेत्र झपाट्याने आटले आणि त्या रानात सोयाबीन आले. वाणाचा दोष होता, तो लपवू नये. लवकर तयार होणारे कणीस परतीच्या पावसात सापडे, दाण्यावर बुरशी चढून तो काळा पडे व बाजारात पडत्या भावाने जाई. बुटक्या ताटाचा कडबाही कमी आणि जनावरांना नावडता. पेरणी लांबली की खोडमाशी ठरलेलीच. परंतु एवढ्याने पीक हटले नसते. स्वस्त धान्य दुकानातून गहू-तांदूळ येऊ लागला, सरकारी खरेदीचा सारा भर त्याच दोन धान्यांवर राहिला, आणि ज्वारीला भाव जाहीर होऊनही त्या भावाने घेणारा जवळपास कोणी राहिला नाही.

हा फरक नीट ध्यानात घ्यावा. २०२४-२५ च्या खरिपासाठी संकरित ज्वारीची आधारभूत किंमत क्विंटलला ३,३७१ रुपये होती, तर साध्या भाताची २,३००. नुसत्या आकड्याने हुरूप येत असता तर रानोरान ज्वारी डोलताना दिसली असती. एकरी उतारा आणि काढणीची मजुरी यांचाही हिशेब त्यात आहे, हे खरे. तरी जो भाव गावापासून पंचवीस कोसांवरच्या केंद्रात आणि तोही नोंदणीची मुदत संपल्यावर कळतो, त्याला शेतकरी भाव मानीत नाही. तो त्याला बातमी मानतो.

२०२३ हे वर्ष आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाले. मेळावे झाले, भाकरीची प्रदर्शने झाली. (प्रदर्शनात भाकरी खाणाऱ्यांपैकी किती जणांच्या घरी आज ज्वारी दळली जाते, हा प्रश्न विचारण्याचा मोह आम्ही आवरतो.) आता बुरशीला अधिक सोसणाऱ्या वाणांवर कृषी विद्यापीठांत काम चालले आहे आणि कापणीची यंत्रेही मिळू लागली आहेत. ही साधने मोलाची आहेत. मात्र शिधावाटपात ज्वारीला खरोखर स्थान मिळाले आणि ती ज्वारी राज्यातच, सुगीच्या दिवसांत, तालुक्याच्या ठिकाणी खरेदी झाली, तरच या साधनांना गावात पाय फुटतील. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात भरडधान्याची तरतूद होतीच; नवा कायदा करण्याची गरज नाही.

म्हणून गावपातळीवरील कार्यकर्त्यांना आमची सूचना अशी आहे. प्रात्यक्षिकासाठी किती पिशव्या बियाणे वाटले, एवढ्यावर आपला अहवाल थांबवू नये. पेरणीपूर्वी गावसभेत तीन गोष्टी स्वच्छ सांगाव्यात : या वाणात काय उणे आहे, पीक विम्याची व कर्जाची मुदत कोणती, आणि माल कोणत्या केंद्रावर, कोणत्या तारखेपासून घेतला जाणार. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर तालुक्याला विचारूनही मिळाले नाही, तर तेही गावाला तसेच सांगावे आणि अहवालात लेखी नोंदवावे. अशा नोंदी अनेक गावांतून वर गेल्या, तर खरेदी केंद्र कोठे उघडावयाचे याचा निर्णय सुगी उलटल्यावर नव्हे, तर मृगापूर्वी घेणे वरच्यांना भाग पडेल.