त्रैक्य : ‘पहिल्यापासूनच’ आणि ‘कधीच नाही’ यांच्यामधला इतिहास

१/ पुण्याच्या औंधमधील स्पायसर ॲडव्हेंटिस्ट विद्यापीठ अनेकांना ठाऊक आहे. ज्या विल्यम स्पायसर यांचे नाव त्याला दिले आहे, ते ईश्वरस्वरूपाच्या एका मोठ्या वादातील पक्षकार होते, हे मात्र क्वचितच सांगितले जाते.

२/ पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, हे त्रैक्य. विरोधक म्हणतात, ॲडव्हेंटिस्ट ते नाकारतात. काही समर्थक म्हणतात, आम्ही पहिल्यापासून त्रैक्यवादीच. तारखांपुढे दोन्ही दावे कोसळतात.

३/ पंथ १८६३ मध्ये संघटित झाला. जेम्स व्हाइट आणि जोसेफ बेट्स हे अग्रणी त्रैक्याचे विरोधक होते.

४/ १८९८ मध्ये एलन व्हाइट यांनी ‘द डिझायर ऑफ एजेस’मध्ये ख्रिस्ताचे जीवन स्वयंसिद्ध मानले. १९३१ च्या श्रद्धा-निवेदनात त्रैक्य आले. १९८० च्या डॅलस अधिवेशनाने ते मतदानाने स्वीकारले.

५/ दरम्यान १९०३ मध्ये डॉ. केलॉग यांच्या ‘द लिव्हिंग टेंपल’ने ईश्वर सृष्टीतच वसतो असे सुचवले. कलकत्त्यात काम करून परतलेल्या स्पायसर यांनी त्यात सर्वेश्वरवाद ओळखला आणि विरोध केला.

६/ म्हणून जुने उतारे नाचवून आजच्या ॲडव्हेंटिस्टांना पाखंडी ठरवणे अप्रामाणिक आहे; पूर्वजांची मते दडवणेही तितकेच. ज्या मुख्य प्रवाहाच्या नावाने हा आरोप होतो, त्यालाही निकेआपासून (३२५) कॉन्स्टँटिनोपलपर्यंत (३८१) छप्पन्न वर्षे वाद घालावा लागला. सिद्धान्त घडत जातो, हे मान्य केल्याने श्रद्धा खोटी ठरत नाही. इतिहास मात्र खरा राहतो.