‘मुंबईची केस’: वैद्यकीय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस


नंदुरबार आणि गडचिरोलीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं झाली, याचा तालुक्याच्या गावी लहान मुलांचा दवाखाना चालवणाऱ्या माझ्यासारखीला आनंदच आहे. विचारायचंय ते एवढंच, की अशा ठिकाणी मुलांच्या रक्तविकारांचा आणि कॅन्सरचा डॉक्टर कधी येणार?

एमबीबीएस, मग बालरोगात एमडी, त्यावर तीन वर्षांचं डीएम. अकरा-बारा वर्षं शिकलेला हा माणूस मोठ्या शहरातच थांबतो, आणि त्याला दोष देववत नाही. प्लेटलेट पाच दिवसांत बाद होतात. त्या हाताशी नसतील आणि पदही नसेल, तर तो इथे येऊन करणार काय?

मुलांचा रक्ताचा कॅन्सर बहुतेकदा बरा होतो, हे अजून पुष्कळ घरांत ठाऊक नाही. १९४८ मध्ये बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनी अमिनोप्टेरिन देऊन तो काही काळापुरता मागे हटवून दाखवला. ते औषध आपल्या यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या चमूनं घडवलेलं. आज दिलं जाणारं व्हिन्क्रिस्टीन तर दारातल्या सदाफुलीतलं. तरीही जागतिक आरोग्य संघटनेच्या मते श्रीमंत देशांत कॅन्सर झालेली ८० टक्क्यांहून जास्त मुलं बरी होतात आणि अनेक गरीब, मध्यम उत्पन्नाच्या देशांत ३० टक्क्यांहूनही कमी.

मुलं कुठे हातची जातात, ते आम्हाला दिसतं. मूल पांढरं पडलेलं, पाय दुखतात म्हणून रडणारं, अंगावर काळेनिळे डाग. कुणी रक्तवाढीचं औषध देतं. ताप हटत नाही म्हणून कुणी स्टेरॉइड देतं. त्यानं चार दिवस बरं वाटतं आणि निदान मात्र झाकलं जातं. (हे करणारे आमच्याच व्यवसायातले, म्हणून लिहायला जड जातं.)

मुंबईत केमो सुरू झाली, मूल घरी आलं, की खरी परीक्षा. काउंट पडलेले असताना ताप आला, तर तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक जायला हवं. रात्री आईबाप जवळच्या दवाखान्यात धावतात. फाइल पाहून तिथला डॉक्टर बिचकतो: “ही मुंबईची केस, मुंबईलाच न्या.” नंदुरबारहून मुंबई चारेकशे किलोमीटर. तो तास नवापूरच्या अलीकडेच संपतो.

सिकलसेलचंही तसंच. २०२३ च्या राष्ट्रीय मोहिमेत तपासण्या होतायत, कार्डं वाटली जातायत. पण हायड्रॉक्सियुरियाचा डोस बसवणं, दर काही आठवड्यांनी काउंट पाहणं, थॅलेसेमियाच्या मुलाला रक्त दिल्यावर साठणारं लोह उतरवणं, हे कार्डानं होत नाही.

प्रत्येक जिल्ह्यात मोठं कॅन्सर रुग्णालय बांधा, असं माझं म्हणणं नाही. निदान आणि जड उपचार मुंबईत, नागपुरात होऊ द्या. विभागाच्या एका महाविद्यालयात या तज्ज्ञाचं पद भरा, आणि त्याच्या हाताखाली प्रत्येक जिल्हा रुग्णालयातले एक बालरोगतज्ज्ञ आणि दोन परिचारिका तयार करा. रक्त, गोळ्यांचा टप्पा आणि तापाची रात्र त्यांनी सांभाळावी.

ही पदं किती मंजूर आहेत आणि किती भरली आहेत, ते जिल्हावार जाहीर करावं. प्रशिक्षणाला खासगी डॉक्टर चालणार असतील, तर माझं नाव लिहून घ्या.

आपली,
तालुक्यातली एक बालरोगतज्ज्ञ