हाताचा पक्का की बोलण्याचा गोड?

तुळशीचे लग्न लागले की आपल्या भागातल्या छापखान्यांत पाय ठेवायला जागा नसते. लग्नपत्रिका, नव्या वर्षाची कॅलेंडरे, डायऱ्या, बिलबुके, सारे एकदमच. नेमका याच दिवसांत माणूस कमी पडतो आणि मालकासमोर जुनाच प्रश्न उभा राहतो. कामात तरबेज असलेला घ्यावा, की गिऱ्हाइकाशी नीट बोलणारा? घरचाच धंदा असेल तर तिसरा उमेदवारही असतो, तो म्हणजे बहिणीचा मुलगा. ‘त्याला अजून काही येत नाही, पण शिकेल हो,’ ही शिफारस थेट स्वयंपाकघरातून येते!

म्हणी विचाराल तर आपल्या दोन्ही भाषा बोलणाऱ्याच्याच बाजूच्या. मराठीत बोलणाऱ्याची बोरे विकतात आणि न बोलणाऱ्याचे गहू पडून राहतात. कन्नडमध्ये ‘मातु बल्लवनिगे जगळविल्ल’, ज्याला बोलता येते त्याला भांडण नाही. पण या म्हणी करणाऱ्यांनी ऑफसेट मशीन पाहिलेले नव्हते.

चार रंगांचे काम म्हणजे निळा, किरमिजी, पिवळा आणि काळा अशा चार प्लेटा. हे रंग एकमेकांवर अचूक बसले नाहीत, म्हणजे मशीनवाल्यांच्या भाषेत ‘रजिस्टर’ हलले, की फोटोतल्या नवरीच्या नथीला दोन कडा दिसू लागतात. शाई-पाण्याचा तोल बिघडला की पांढऱ्या जागेवर मळकट छटा चढते. पावसाळ्यात कागद ओल धरतो आणि सकाळी बसवलेले रजिस्टर दुपारी सरकते. तिथे गोड बोलून काही सुटत नाही. हा हात वर्षानुवर्षांच्या सवयीने तयार होतो. म्हणून मशीनवर माणूस घेताना तो अबोल आहे की तिरसट, हे नंतर पाहावे. त्याच्या हाताखालच्या पोराला शिव्या देत नाही एवढे पुरे.

काउंटरचे गणित याच्या उलट. तिथे बसणाऱ्याने ‘या, बसा’ आणि ‘बर्री, कुंदरी’ दोन्ही सहज म्हणावे, हे तर हवेच. पण गोड बोलणे म्हणजे माणसे सांभाळणे नव्हे. ‘परवा देतो’ असे हसून सांगणारा आणि परवा फोन न उचलणारा माणूस दुकान बुडवतो. खरे कौशल्य प्रश्न विचारण्यात असते. तारीख आणि वार जुळतात ना? आजोबांच्या नावाआधी ‘कै.’ घालायचे का? निमंत्रकांत थोरल्या काकांचे नाव आधी की वडिलांचे? मुहूर्त सकाळचा की संध्याकाळचा? पत्रिकेतली चूक दुसऱ्या दिवशी दुरुस्त करता येत नाही. ती घरोघर पोचलेली असते, आणि एका सुटलेल्या नावावरून भावकी वर्षभर बोलत नाही.

या दोघांच्या मधे बसतो डीटीपी ऑपरेटर, आणि आपल्या भागात खरी कसोटी त्याचीच. पत्रिकेची एक बाजू मराठी, दुसरी कन्नड. मराठीत ए आणि ओ एकेकच; कन्नडमध्ये ऱ्हस्व आणि दीर्घ वेगळे. ‘कोडु’ ऱ्हस्व म्हटले तर ‘दे’, दीर्घ म्हटले तर ‘शिंग’. मराठी अक्षरावरून नुसते कन्नड उतरवणारा इथे हटकून फसतो. त्यातून हल्ली मजकूर मोबाइलवर युनिकोडमध्ये येतो. छापखान्यातल्या जुन्या फाँटमध्ये तो बदलताना एखादा रफार किंवा जोडाक्षर जागा सोडते. संगणक काही महिन्यांत शिकवता येतो. पण डोळ्याला खटकणे आणि खटकल्यावर उठून विचारणे, हे अंगात असावे लागते.

तेव्हा मुलाखतीत प्रमाणपत्र पाहून झाले की अर्धा दिवस काम द्यावे, आणि त्या अर्ध्या दिवसाचे पैसेही द्यावेत. मशीनवाल्यापुढे कागद ठेवावा. लावण्याआधी तो गठ्ठा मोकळा करतो का, रजिस्टर बसेपर्यंत किती कागद वाया घालवतो, काम संपल्यावर ब्लँकेट पुसतो का, एवढे पाहावे. काउंटरच्या उमेदवाराला हाताने लिहिलेला, मुद्दाम वार चुकवलेला मजकूर द्यावा आणि तो किती प्रश्न विचारतो ते मोजावे. ऑपरेटरला दोन्ही भाषांतले प्रूफ वाचायला द्यावे. हाच नियम भाच्यालाही लावावा. ताईंचा रुसवा आठ दिवस टिकतो, चुकीच्या पत्रिका जन्मभर.

‘शिकेल’ या शब्दाला अर्थ नाही असे मात्र नाही. मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याचे जावजी दादाजी लहानपणी अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टाइप घासण्याच्या कामाला लागले होते. 1869 मध्ये त्यांनी स्वतःचा छापखाना काढला. त्यांच्या सुबक अक्षरांमागे राणोजी रावजी आरू या कारागिराचा हात होता. म्हणजे मालकाला काम कळत होते, आणि ते आपल्याहून चांगले करणारा माणूस ओळखून जवळ ठेवणेही कळत होते. धंदा या दोन गोष्टींवर उभा राहतो.

घरातल्या मुलांना प्रिंटिंगच्या डिप्लोमाला घालणाऱ्या पालकांनाही एक सांगावेसे वाटते. सॉफ्टवेअर ती शिकतीलच. त्यांना दोन्ही भाषा शुद्ध लिहायला लावा, नुसत्या बोलायला नको. आपल्या गावात ही भांडवलाइतकीच मोलाची शिदोरी आहे.

आणि मालकांसाठी शेवटचे. मशीनवर हात पाहा, काउंटरवर धीर पाहा, पण चूक लपवणारा माणूस कुठल्याच जागेवर घेऊ नका. ‘मालक, थांबवा, प्लेट गेली’ असे शंभराव्या कागदाला सांगणारा मुखदुर्बळ माणूस, पाच हजार छापून झाल्यावर गोड हसणाऱ्यापेक्षा केव्हाही परवडतो.